उजव्या चाकाचा आवाज

ज्यांच्यामुळे मी घडलो त्यांचं नाव पांढरीपांडेकाका. ते माझे नातेवाईक नव्हते, शिक्षक नव्हते, साहेबही नव्हते. भोपाळला इंद्रपुरीत त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्यानं घेतली होती, एवढाच आमचा संबंध. खरं तर वडिलांचं नाव आधी घ्यायला हवं. पण वडीलच म्हणायचे, "मी तुला कॉलेजच्या दारापर्यंत आणून सोडलं. पुढचं त्या भोपाळच्या काकांनी केलं." वडील पांढुर्ण्याच्या संत्रामंडीत पेट्या उचलायचे. त्यांना सही करता यायची, वाचता येत नसे. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिला. वडिलांनी स्वतःच दिलेला तो मान मी काकांकडून काढून घेणार नाही.

इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा हॉस्टेलमध्ये जागा नव्हती. कोणीतरी सांगितलं, पांढरीपांडे नावाचे एक निवृत्त फोरमन आहेत, त्यांची खोली रिकामी आहे, पण माणूस जरा वेगळा आहे. मी गेलो. काकांनी मला खोलीत उभं केलं, पंखा लावला आणि विचारलं, "काय म्हणून राहिला?"

मी वर बघत राहिलो. पंखा काहीतरी म्हणत होता खरा. टक, मग जरा थांबून पुन्हा टक.

"काहीतरी म्हणतोय," मी म्हणालो. "पण काय ते मला कळत नाही."

"इंजिनिअर आहेस न तू?"

"हो."

"तरी कळत नाही?"

"नाही."

"आण मग सामान."

आतून काकूंचा आवाज आला. "याच्या आधी पाच जण येऊन गेले. सगळ्यांना कळलं होतं. म्हणून खोली रिकामी आहे बाप्पा."

काकांची नोकरी कारखान्याच्या त्या विभागात झाली जिथं टर्बाइनचे फिरणारे भाग तोलून बघतात. चौतीस वर्षं त्यांनी तिथं फक्त ऐकलं, असं काकू म्हणत. त्यांच्याजवळ हातभर लांबीचा एक गुळगुळीत लाकडी रूळ होता. त्याचं एक टोक ते यंत्राला लावायचे, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. यंत्रांशी ते आदरानं बोलत. "काय त्रास आहे आपल्याला?" "आपण जरा दमानं घ्या." माणसांना मात्र सरसकट अरे-तुरे. काकूंना, मला, दूधवाल्याला, आणि साहेब लोकांनाही. निवृत्तीनंतरही कारखान्याची जीप कधीकधी त्यांना न्यायला यायची. एकदा मी तिथं हजर होतो. नवे आलेले एक फार मोठे अधिकारी यंत्राजवळ उभे होते, भोवती आकड्यांचे कागद घेतलेली माणसं. काकांनी रूळ लावला, मग मान वर करून म्हणाले, "पंखे बंद करा." पंखे बंद झाले. "त्या क्रेनवाल्याला थांबवा." क्रेन थांबली. मग त्या मोठ्या अधिकाऱ्यांकडे वळून, "साहेब, तू जरा हळू श्वास घे." साहेबांनी श्वास रोखूनच धरला. काका पुन्हा यंत्राकडे वळले. "हं. आता बोला आपण."

पंधरा मिनिटं ऐकून त्यांनी रूळ खाली ठेवला आणि म्हणाले, "समजल्यासारखं वाटते. पण आज सांगत नाही. उद्या येतो."

असं का, हे मी घरी आल्यावर विचारलं. ते म्हणाले, "एकदा ऐकलं की कान उष्टा होतो. मग त्याला जे पाहिजे तेच ऐकू येते. रात्रभर जाऊ दे, उद्या तो पुन्हा ताजा होईल."

दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी तोच दोष सांगितला जो आदल्या दिवशी त्यांच्या मनात आला होता. एक दिवस वाया गेला असं तिथल्या एकदोघांना वाटलं. काकांना नाही वाटलं.

बाजारात ते मडकी वाजवून घ्यायचे हे ठीकच आहे, सगळेच घेतात. काका भांड्याच्या दुकानात कुकरच्या शिट्ट्या लावून ऐकत. स्टीलच्या वाटीवर नख मारून, डोळे मिटून, नाद विरेपर्यंत उभे राहत. पिपलानीच्या बाजारात त्यांचं नावच पडलं होतं, "घंटीवाले साब". काकू सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा यांनी मला एक प्रश्न विचारला नाही. आमच्या दाराची कडी तीनदा वाजवून पाहिली. बाबा म्हणाले, मुलगा लोहार आहे की काय."

"कडी चांगली होती," काका म्हणायचे.

"आणि मी?"

"तू होतीस न आत. बोलून राहिली होती कोणाशी तरी. ऐकलं मी."

घरात एक जाड वही होती, पुठ्ठ्याची, दोऱ्यानं बांधलेली. तिला आवाजांची वही म्हणत. प्रत्येक पानावर चार रकाने होते: काय ऐकलं, कधी, काय केलं, काय झालं. घरातल्या कुठल्याही वस्तूला कोणीही हात लावला की वहीत लिहायचं आणि खाली सही करायची, हा त्या घरातला एकमेव कडक नियम. बाकी तुम्ही कधी या, कधी जा, काकांना काही नव्हतं. काकूसुद्धा लिहायच्या. त्यांची एक नोंद मला अजून पाठ आहे. "मिक्सर. घरघर. सकाळी. चटणी केली. घरघर तशीच, चटणी चांगली."

या वहीनं माझं काय केलं ते सांगतो. मी मराठी शाळेत शिकलेला. कॉलेजात इंग्रजी पाठ करून पास झालो होतो, पण स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की अडखळायचो. कारखान्यात माझा पहिला अहवाल साहेबांनी तीन वेळा परत केला. मी मोठमोठे शब्द घालत होतो आणि त्यांत काय घडलं तेच हरवत होतं. काकांनी तो अहवाल बघितला. त्यांचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं. ते म्हणाले, "चार रकाने पाड. येतात तेवढेच शब्द लिही. जे पाहिलं नाही ते लिहू नको." चौथ्या वेळी तो अहवाल परत आला नाही. त्यानंतर नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी अहवाल त्याच चार रकान्यांत लिहिले, फक्त रेघा ओढल्या नाहीत.

आता त्या गाडीबद्दल.

कारखाना उभा राहत होता तेव्हा परदेशातून आलेल्या तज्ज्ञांसाठी एक आलिशान गाडी आणली होती. पुढं ती पाहुण्यांसाठी राहिली, मग शेडमध्ये गेली आणि शेवटी लिलावात निघाली. ती काकांनी घेतली. कुठल्या कंपनीची ते मला माहीत नाही, बॉनेटवरचं चिन्ह माझ्या येण्याआधीच कोणीतरी काढून नेलं होतं. लांब नाक, आत चामड्याच्या गाद्या, लाकडी डॅशबोर्ड. काकांच्या फाटकात ती पूर्ण मावायची नाही, मागचा हातभर भाग गल्लीत राहायचा आणि त्यावर शेजारच्यांची मांजर झोपायची. फोरमनच्या घरासमोर अशी गाडी, म्हणून लोक हसत. काका तिला "बाईसाहेब" म्हणत.

गाडी का घेतली हे काका कधी बोलले नाहीत. काकूंनी सांगितलं. त्यांचं माहेर सातपुड्यातलं एक गाव. रेल्वेतून उतरून पुढं दोन तास बस, तीही घाटाची. काकूंना बस सोसत नसे. शेवटच्या वेळी त्या वाटेतच बेशुद्ध पडल्या होत्या. त्यानंतर अकरा वर्षं त्या माहेरी गेल्या नव्हत्या. आई नव्वदीच्या घरात होती आणि प्रत्येक पत्रात एकच विचारत होती, केव्हा येते. या गाडीच्या गाद्यांवर त्यांना त्रास होत नाही, हे काकांनी एकदा टी. टी. नगरपर्यंत नेऊन बघितलं होतं.

पण गाडी आवाज करायची. पुढून. खड्डा आला, वळण आलं, गतिरोधक आला की कुईंक, कुईंक. पाळण्याच्या कडीसारखा. दोन गल्ल्यांपलीकडं ऐकू जायचा. काकूंनी सांगून टाकलं होतं, "ही कुरकुर थांबल्याशिवाय मी बसणार नाही. सगळं इंद्रपुरी खिडकीत येते. मी काय वरात आहे?"

काकांना तेच हवं होतं, आवाज शोधायचं निमित्त. त्यांनी कागदावर गाडीच्या पुढच्या भागाचं चित्र काढलं. प्रत्येक चाक दोन लोखंडी हातांनी धरलेलं असतं, एक वर आणि एक खाली. हे हात जिथं गाडीला जोडलेले असतात तिथं रबराचे बुश असतात. चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, म्हणजे आपल्या खांद्यासारखा सांधा, वाटीत फिरणारा गोळा, वर रबराची टोपी. यांतलं काहीही सुकलं, गंजलं, झिजलं की आवाज येतो. काकांनी एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला सात अशा चौदा जागा मोजल्या. मग न्हाव्याकडं असते तशी फवाऱ्याची बाटली आणली. एका जागी साबणाचं पाणी मारायचं आणि गाडी पुढून दाबून हलवायची. आवाज क्षणभर गेला तर तीच जागा, नाही गेला तर ती नाही. हे काम एका दुपारचं आहे. काका दिवसाला एकच जागा बघत, कारण कान उष्टा होतो.

"काका, सगळीकडं एकदम मारू ना पाणी," मी म्हणालो.

"मग आवाज थांबेल."

"हो, तेच तर पाहिजे."

"अरे, आवाज थांबवायला काय लागते. रेडिओसुद्धा थांबतो. कोण बोलून राहिलं ते समजलं पाहिजे न."

अशोका गार्डनमध्ये रफीकभाई नावाचे गाड्यांचे मिस्त्री होते. एकदा ते येऊन बघून गेले. "को खां पांडेजी," ते भोपाळी थाटात हसत म्हणाले, "इसको गैराज में भेज दो, शाम तक चुप करा दूँगा।"

"चुप तर मी पण करीन," काका मराठीतच म्हणाले. रफीकभाईंना ते समजत असे.

नऊ जागा झाल्या. नऊ दिवस झाले. वहीत नऊ वेळा "ही नाही" असं लिहिलं गेलं. मग काकांच्या पुतण्याचं नागपूरला लग्न निघालं आणि दोघं रेल्वेनं चार दिवसांसाठी गेले. किल्ल्या माझ्याकडं होत्या.

या चार दिवसांत मी जे केलं ते चांगल्या मनानं केलं, हे मी आजही म्हणतो. मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. माझ्या हातात पदवी होती आणि घरात एक कुरकुरणारी गाडी होती. रविवारी दुपारी मी कारखान्यातलं काळं ग्रीस जाड सुईच्या पिचकारीत भरलं, गाडीखाली शिरलो आणि उरलेल्या पाचही जागी भरलं. शेवटची जागा उजव्या चाकाचा खालचा बॉल जॉइंट. त्याची रबरी टोपी फाटलेली होती. सुई आत घातली तेव्हा आतून तांबडं पाणी बाहेर आलं, गंजाचं. ते माझ्या मनगटावर ओघळलं. मी ते रुमालाला पुसलं आणि ग्रीस भरत राहिलो. बाहेर येऊन गाडी दाबून पाहिली. आवाज गेला होता. मला इतका आनंद झाला की मी दोन वेळा चहा करून प्यायलो.

काका आले ते सामान ठेवून लगेच गाडी घेऊन निघाले. पोस्टाजवळच्या गतिरोधकावरून त्यांनी ती चार वेळा नेली. घरी येऊन वही घेऊन गाडीजवळ उभे राहिले आणि मला हाक मारली.

"इंजिनिअर, तू हात लावला होता का?"

सांगायचं हेच तर मी ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. पण त्यांच्या हातात वही होती, आणि माझ्या लक्षात आलं की मी त्या घरातला एकच नियम मोडला आहे. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलाला एक सवय लागते. चूक दिसू द्यायची नाही. एक तक्रार गेली की सगळं संपेल, हे आमच्या हेडमास्तरांनी मला सातवीत सांगितलं होतं आणि ते माझ्या अंगात भिनलं होतं.

"नाही काका," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली आणि वहीत लिहिलं. "आवाज आपणहून गेला. कारण अज्ञात. पावसामुळे रबर नरम झालं?" अज्ञात हा शब्द त्या वहीत त्याआधी नव्हता.

पुढचा महिनाभर काका रोज गाडी घेऊन आवाज शोधायला जात. खड्डे असलेले रस्ते मुद्दाम निवडत. गल्लीतली माणसं विचारत, "अंकल, आवाज मिली क्या?" ते म्हणत, "नाही मिळाली." जॅक लावून त्यांनी चाकंही हलवून पाहिली. पण जॅक गाडीच्या चौकटीखाली लावला होता, आणि तसा लावला की स्प्रिंगच्या ताणानं खालच्या सांध्यातली ढिलाई दबून राहते. ते टर्बाइनचे होते, मोटारीचे नव्हते. मी रोज संध्याकाळी ठरवायचो, आज सांगू. आणि रोज काकू जेवायला वाढायच्या, काका दिवसभरात काय काय ऐकलं ते सांगायचे, आणि सांगणं आणखी एक दिवस अवघड व्हायचं.

मग मला प्रशिक्षणासाठी उत्तरेकडच्या एका गावी पाठवलं, तीन आठवडे. दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, काकांचं कार्ड आलं. चार ओळी. "आवाज परत आला नाही. काकू तयार झाली. येत्या रविवारी सकाळी निघतो. घाट दुपारच्या आत चढू. तुझी तब्येत सांभाळ."

कार्ड वाचून मी मेसच्या पायरीवर बसलो. मला मनगटावरचं तांबडं पाणी दिसत होतं. ज्या सांध्यातून गंजाचं पाणी येतं तो आतून खाल्लेला असतो, हे समजायला पदवीसुद्धा लागत नाही. तो बोलत होता, आणि मी त्याचं तोंड ग्रीसनं बंद केलं होतं. सांधा वाटीतून निसटला तर चाक गाडीखाली दुमडतं. आणि रविवारी ते घाट चढणार होते.

काकांकडं फोन नव्हता. मी तारघरात गेलो. हिंदीत तार लिहिली: गाड़ी मत निकालिए, दाहिना निचला जॉइंट खराब, पत्र आ रहा है. तारबाबूंनी ती वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "जॉइंट किसका है, दादाजी का?"

"गाडी का," मी म्हणालो.

"गाड़ी का तार पहली बार देखा," ते म्हणाले आणि मशीनकडं वळले.

तारेनं काम झालं होतं. गाडी निघणार नव्हती. पत्रात काय लिहायचं हे अजून माझ्या हातात होतं. इथं प्रशिक्षणात एक असाच सांधा पाहिला, त्यावरून शंका आली, असं लिहिता आलं असतं. काकांनी विश्वास ठेवला असता. मी तसं एक पत्र लिहिलंही. वाचायला अगदी स्वच्छ होतं. ते फाडलं आणि पुन्हा लिहायला बसलो. चौथ्या वेळी जे लिहिलं ते पाठवलं.

काकांचं उत्तर आठ दिवसांनी आलं. तेही कार्डच. "पत्र मिळालं. रफीकनं जॅक खालच्या हाताखाली लावायला शिकवलं. सांधा हलतो. तू आल्यावर उघडू. वही टेबलावर आहे." राग नव्हता, माफीही नव्हती. ते कार्ड मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

मी परतलो. रविवारी सकाळी काकांनी, रफीकभाईंनी आणि मी मिळून चाक काढलं. सांधा सोडवला तेव्हा गोळा वाटीतून नुसत्या हातानं निघून आला, बोरातून बी निघावं तसा. वाटीची कड एका बाजूनं कागदाएवढी राहिली होती. रफीकभाईंनी ती बोटावर फिरवली. काकू फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, वजन करावं तसा जरा वर-खाली केला आणि परत दिला.

"एवढासा आहे," त्या म्हणाल्या.

काकांनी मला वहीकडं पाठवलं. मी चारही रकाने भरले आणि सही केली. ते मागं येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, दोन महिन्यांपूर्वीच्या नोंदीतला "अज्ञात" खोडला आणि त्याच्यापुढं लिहिलं, "जॅक चुकीच्या जागी लावला." खाली स्वतःची सही केली. मग म्हणाले, "चल, चहा घे. रफीक थांबून राहिला."

काकू दोन दिवस माझ्याशी "वाढू?" आणि "पुरे?" एवढंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी पातोडीची भाजी केली आणि न विचारता दुसऱ्यांदा वाढली. "खा," त्या म्हणाल्या. "उपाशी माणूस जास्त खोटं बोलतो." काका हसले, मग मीही हसलो.

नवा सांधा रफीकभाईंच्या मावसभावानं मुंबईच्या भंगारबाजारातून शोधून पाठवला. त्याला दोन महिने लागले. तोवर काकांनी उरलेल्या चार जागाही बघितल्या, दिवसाला एक. माझं ग्रीस रबरावर बसून बुश फुगले होते, ते बदलले. या वेळी सुई नाही, पिचकारी नाही. पाण्याची बाटली आणि मी, आणि गाडी दाबायला काका. संक्रांतीनंतरच्या एका सकाळी आम्ही निघालो. काकू पुढं बसल्या. मागच्या गादीवर मी आणि दशम्यांचा डबा. घाटात काका प्रत्येक वळणाआधी म्हणत, "सांभाळा बाईसाहेब." काकूंनी एकदा विचारलं, "मला म्हणून राहिले का तिला?" काकांनी हॉर्न वाजवला. काकूंच्या आई ओट्यावर बसलेल्या होत्या. त्यांना दिसत फार कमी होतं. गाडी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "मोठी गाडी दिसते. कोणाकडं आले?" काकू उतरल्या आणि जाऊन त्यांच्याजवळ बसल्या. आम्ही दोघं गाडीजवळच थांबलो. काका बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

त्या घरात मी आणखी सहा वर्षं राहिलो, लग्न होईपर्यंत. माझ्या नोकरीत पुढं बरंच काही झालं. थोडी बढती झाली, थोडी चुकली. यंत्र सुरू करायची तारीख ठरलेली असताना "मला अजून समजलेलं नाही, दोन दिवस द्या" असं मोठ्या लोकांसमोर म्हणायची वेळ माझ्यावर तीन-चारदा आली. दर वेळी वाक्य बाहेर पडलं. ते वाक्य मला जमतं ते त्या पत्रापासून.

मी पाठवलेल्या पत्राचा कच्चा कागद माझ्याकडं राहिला. भाषा तेव्हाची आहे, शुद्धलेखन थोडं सुधारलं आहे. बाकी तसंच देतो.

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तार मिळाली असेल. गाडी काढू नका. उजव्या चाकाचा खालचा बॉल जॉइंट खराब आहे. हे मला इथे कळले नाही. मला भोपाळलाच माहीत होते.

तुम्ही नागपूरला गेला होतात तेव्हा रविवारी दुपारी मी उरलेल्या पाच जागी ग्रीस भरले. त्या जॉइंटची टोपी फाटली आहे. सुई घातल्यावर आतून गंजाचे पाणी आले. ते मी पाहिले आणि तरी ग्रीस भरले. आवाज आपणहून गेला नाही. मी घालवला. तुम्ही विचारले तेव्हा मी नाही म्हणालो. ते खोटे होते. त्यानंतर महिनाभर तुम्ही आवाज शोधत फिरत होता आणि मी बघत होतो.

मी का खोटे बोललो हे मी तीन वेळा लिहून पाहिले. तिन्ही वेळा ते कारण माझी बाजू घेते, म्हणून लिहीत नाही.

अजून एक आहे. मी निघालो त्या दिवशी तुम्ही तिकिटाच्या रांगेत होता आणि काकू माझ्या ट्रंकेजवळ उभ्या होत्या. त्यांनी मला विचारले, "हे तर म्हणतात आता आवाज नाही. तू इंजिनिअर आहेस. बसू का रे मी?" मी म्हणालो, "बसा काकू, काही भीती नाही."

खोली सोड म्हणालात तर मी येऊन सामान नेईन. पण जॉइंट उघडाल तेव्हा मला तिथे उभे राहू द्या, एवढी विनंती आहे. तो कसा झाला आहे ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचे आहे.

हे पत्र काकूंना पूर्ण वाचून दाखवावे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मधले काही गाळू नये. गाडीत त्या बसणार होत्या.

आपला आज्ञाधारक,
मागच्या खोलीतला